हाताचा गुण आणि आकड्यांची साक्ष : आरोग्यसेवेच्या फलनिष्पत्तीचा अभ्यास

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• वैद्यकीय संशोधन आणि आरोग्यसेवा संशोधन यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• संरचना, प्रक्रिया आणि फलनिष्पत्ती या त्रयीचा अर्थ उदाहरणांसह सांगता येईल.
• एकाच आजारावरील उपचारांचे प्रमाण गावागणिक का बदलते, याची कारणमीमांसा करता येईल.
• आरोग्यविषयक आकडेवारी वाचताना अंश, छेद आणि जोखीम यांचा विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरात कोणी आजारी पडले की शेजारीपाजारी, नातेवाईक अशाच शिफारशीवर दवाखाना सुचवतात. या वाक्यात अनुभवाचा आधार आहे, हे नाकारता येत नाही. परंतु त्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले, तर काही प्रश्न उभे राहतात. गुण आला म्हणजे नेमके काय झाले? तो उपचारामुळे आला, की आजार आपल्या गतीने ओसरला? आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांची गणना कोणी केली?

या प्रश्नांची पद्धतशीर उत्तरे शोधणारी एक ज्ञानशाखा विसाव्या शतकात, प्रामुख्याने अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये, आकारास आली. तिला आरोग्यसेवा संशोधन असे म्हणतात. एखादे नवे औषध जंतूचा नाश करते का, याचा शोध वैद्यकीय संशोधन घेते. तेच औषध प्रत्यक्ष दवाखान्यातून कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, किती खर्चात मिळते आणि ते घेतलेली माणसे वर्षभरानंतर कशी आहेत, याचा शोध आरोग्यसेवा संशोधन घेते. म्हणूनच अशा केंद्रांत वैद्यांच्या जोडीला संख्याशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञही काम करतात.

आपण कला शाखेचे विद्यार्थी आहात. या विषयाचा आपल्याशी काय संबंध, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्यापैकी अनेकजण संसार सांभाळून शिकत आहेत. आईवडिलांना दवाखान्यात नेणे, ‘ऑपरेशन करावे लागेल’ हे वाक्य ऐकणे आणि त्यावर घरातर्फे निर्णय घेणे, हे आपल्या वाट्याला आलेले असेल किंवा पुढे येईल. त्या क्षणी कोणते प्रश्न विचारावेत, हे या घटकातून समजून घ्यावयाचे आहे.

२. फलनिष्पत्तीचा पहिला आग्रह : अर्नेस्ट कॉडमन

बॉस्टन शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या नामांकित रुग्णालयात विसाव्या शतकाच्या आरंभी अर्नेस्ट कॉडमन नावाचे शल्यचिकित्सक काम करीत होते. त्यांची मागणी वरवर पाहता अगदी साधी होती. प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड ठेवावे. त्यावर आजार, केलेला उपचार आणि वर्षभरानंतरची रुग्णाची स्थिती नोंदवावी. अपेक्षित परिणाम साधला नसेल, तर का साधला नाही, हेही लिहावे. या कल्पनेला त्यांनी ‘अंतिम परिणामाची कल्पना’ असे म्हटले.

ही कल्पना सहकाऱ्यांना रुचली नाही. त्या काळी रुग्णालयातील बढती ज्येष्ठतेनुसार मिळे. परिणाम मोजले गेले असते, तर ज्येष्ठांच्या कौशल्याचीही परीक्षा झाली असती. १९१४ मध्ये कॉडमन यांनी त्या रुग्णालयाचा राजीनामा दिला. स्वतःच्या लहान रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात बरे होऊन वा न होता घरी गेलेल्या ३३७ रुग्णांची नोंद त्यांनी प्रसिद्ध केली आणि त्यांच्या उपचारात झालेल्या १२३ चुकाही छापल्या. स्वतःच्या चुका अशा रीतीने स्वखुशीने छापणारा शल्यचिकित्सक तेव्हा विरळाच होता. १९१५ च्या आरंभी एका वैद्यकीय सभेत त्यांनी एक व्यंगचित्र मांडले. त्यात वाळूत डोके खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी डॉक्टरांकडे ढकलताना दाखवला होता. शहरातील श्रीमंत रुग्ण म्हणजे तो शहामृग, हे उपस्थितांना चटकन कळले. त्यानंतर कॉडमन यांना त्या स्थानिक वैद्यकीय संघटनेतील आपले पद गमवावे लागले.

त्यांची कल्पना मात्र पूर्णपणे विरली नाही. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने रुग्णालयांसाठी किमान निकष ठरवले आणि मोठ्या रुग्णालयांची तपासणी केली. ६९२ रुग्णालयांपैकी केवळ ८९ रुग्णालये त्या निकषांना उतरली. ही यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये, म्हणून १९१९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या भट्टीत ती जाळून टाकण्यात आली. मोजमाप करणे आणि ते लोकांसमोर ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी अधिक कठीण आहे, हे या प्रसंगावरून आपल्या लक्षात येईल.

३. संरचना, प्रक्रिया आणि फलनिष्पत्ती

कॉडमन यांच्या विचाराला शास्त्रीय चौकट मिळण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. बैरूत येथे जन्मलेले आणि पुढे मिशिगन विद्यापीठात अध्यापन करणारे अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेच्या गुणवत्तेवर एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. गुणवत्ता तीन बाजूंनी तपासता येते, असे त्यांनी त्यात मांडले.

संरचना म्हणजे साधनसामग्री व मनुष्यबळ. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नेमलेला आहे का, औषधसाठा आहे का, रुग्णवाहिका चालू आहे का, हे संरचनेचे प्रश्न होत.

प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्ष केलेली कृती. गरोदर स्त्रीचा रक्तदाब तपासला का, रक्तातील हिमोग्लोबिन मोजले का, धोक्याची लक्षणे तिला समजावून सांगितली का, हे प्रक्रियेचे प्रश्न होत.

फलनिष्पत्ती म्हणजे या सर्वांचा माणसाच्या आरोग्यावर झालेला परिणाम. आई व बाळ सुखरूप आहेत का, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजोबांना पुन्हा देवळापर्यंत चालत जाता येते का, वेदना कमी झाली का, हे फलनिष्पत्तीचे प्रश्न होत.

आपल्याकडे एखाद्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले की खाटा, यंत्रे आणि इमारतीचा खर्च यांची माहिती छापून येते. ही सर्व माहिती संरचनेची असते. वर्षअखेरीस किती बाह्यरुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया केल्या, याचा अहवाल निघतो. तो प्रक्रियेचा असतो. त्या रुग्णांचे पुढे काय झाले, हा तिसरा रकाना बहुधा रिकामाच राहतो. संरचना उत्तम असूनही प्रक्रिया सदोष असू शकते आणि प्रक्रिया निर्दोष असूनही अपेक्षित फळ न मिळणे शक्य असते. म्हणून तिन्ही रकाने भरणे आवश्यक ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
पुढील बाबी संरचना, प्रक्रिया व फलनिष्पत्ती यांपैकी कशात मोडतात ते लिहा.
(अ) गावातील उपकेंद्रात परिचारिकेचे पद भरलेले आहे.
(आ) मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आजीला पुन्हा सुईत दोरा ओवता येतो.
(इ) क्षयरुग्णाच्या थुंकीची तपासणी ठरल्या वेळी झाली.

४. टॉन्सिलची गोष्ट

सेवेचे परिणाम मोजण्याआधी एक अधिक मूलभूत प्रश्न उभा राहिला : सेवा मुळात कोणाला मिळते? या प्रश्नाचे उत्तर लहान मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेतून मिळाले. त्या काळी ही शस्त्रक्रिया अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये सर्रास होत असे.

१९३४ मध्ये न्यूयॉर्कमधील एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत शाळेतील अकरा वर्षांची १,००० मुले घेतली होती. त्यांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांना दाखवली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ४५ टक्के मुलांना शस्त्रक्रियेची गरज असल्याचे मत मिळाले. ज्यांना ‘गरज नाही’ असे सांगितले होते, ती मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी पुन्हा सुमारे ४६ टक्के मुलांना शस्त्रक्रिया सुचवली. दोनदा ‘निरोगी’ ठरलेली मुले तिसऱ्यांदा दाखवली, तेव्हाही जवळजवळ तेच प्रमाण निघाले. अखेरीस हजारांपैकी केवळ ६५ मुले अशी उरली, की ज्यांना कोणीही शस्त्रक्रिया सुचवली नव्हती. डॉक्टरांपुढे बसलेले मूल कोणतेही असो, निम्म्याच्या आसपास मुलांना शस्त्रक्रिया हवी, हा ठोकताळा त्यांच्या मनात आधीच बसलेला होता, असाच याचा अर्थ लागतो. येथे कोणी लबाडी केली असे मानण्याचे कारण नाही. प्रत्येक डॉक्टर आपल्या समजुतीप्रमाणे प्रामाणिकपणे मत देत होता.

१९३८ मध्ये अॅलिसन ग्लोव्हर या ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्याने इंग्लंडमधील शाळकरी मुलांची आकडेवारी मांडली. शेजारशेजारच्या भागांत या शस्त्रक्रियेच्या प्रमाणात अनेक पटींचा फरक होता आणि हवामान, दाटीवाटी किंवा गरिबी यांपैकी कशानेही त्याचा उलगडा होत नव्हता. हॉर्न्सी नावाच्या भागात १९२९ मध्ये शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले आणि शस्त्रक्रियांची संख्या एकदम आधीच्या दशांशाहूनही खाली आली. मुलांच्या कानाच्या विकारांत त्यामुळे वाढ झाली नाही. मुले तीच होती आणि हवाही तीच होती. बदलले होते ते केवळ निर्णय घेणारे डॉक्टर.

यानंतरचा टप्पा अमेरिकेच्या व्हरमाँट या लहानशा राज्यात घडला. १९६७ मध्ये जॉन वेनबर्ग नावाचे तरुण डॉक्टर तेथील एका शासकीय आरोग्य कार्यक्रमाचे प्रमुख झाले. खेड्यापाड्यांतील लोकांना पुरेशी सेवा मिळत नसावी, असा त्यांचा आरंभीचा समज होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ अॅलन गिटेलसोन यांच्यासह त्यांनी राज्याचे तेरा रुग्णालय-क्षेत्रांत विभाजन केले आणि प्रत्येक क्षेत्रातील रहिवाशांना कोणती सेवा किती मिळते, ते मोजले. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण एका क्षेत्रात दर दहा हजार लोकांमागे १३, तर दुसऱ्या क्षेत्रात १५१ निघाले. हा फरक अकरा पटींहून अधिक होता.

स्टो आणि वॉटरबरी ही त्या राज्यातील शेजारशेजारची गावे. स्टोमध्ये पंधराव्या वर्षापर्यंत सुमारे ७० टक्के मुलांचे टॉन्सिल काढले जात, तर वॉटरबरीत सुमारे २० टक्के मुलांचे. वेनबर्ग यांची स्वतःची मुले वॉटरबरीच्या शाळेत होती. गावाची वेस ओलांडून पलीकडे घर घेतले असते, तर आपल्या मुलांच्या गळ्यावर शस्त्र चालले असते, ही जाणीव एखाद्या बापाला किती अस्वस्थ करील, याची आपण कल्पना करू शकता.

वैद्यकीय नियतकालिकांनी हा लेख नाकारला. अखेर १९७३ च्या डिसेंबरात तो ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आकडे हाती आल्यावर सर्वाधिक प्रमाण असलेल्या भागातील डॉक्टरांनी मात्र स्तुत्य पाऊल उचलले. प्रत्येक मुलाच्या बाबतीत शस्त्रक्रियेची गरज नव्याने तपासण्याचा नियम त्यांनी केला आणि तेथील शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या. दंड नाही, कायदा नाही. केवळ आरसा समोर धरल्याने हा बदल झाला.

५. अंश, छेद आणि जोखीम

असे निष्कर्ष काढताना कोणती काळजी घ्यावी लागते, ते आता पाहू. यासाठी शाळेत शिकलेले अपूर्णांक पुरेसे आहेत.

‘आमच्या रुग्णालयात वर्षाला पाचशे शस्त्रक्रिया होतात’ हे विधान केवळ अंश सांगते. ती संख्या मोठी की लहान, हे ठरवण्यासाठी छेद हवा. त्या परिसरात किती लोक राहतात, त्यांपैकी किती स्त्रिया, किती वृद्ध, हे कळल्याखेरीज पाचशे या आकड्याला अर्थ नाही. वेनबर्ग यांची महत्त्वाची कामगिरी हीच की त्यांनी रुग्णालयात आलेल्या रुग्णांऐवजी त्या क्षेत्रातील सर्व रहिवासी हा छेद धरला. त्यामुळे ज्यांना सेवा मिळाली नाही, तेही गणनेत आले.

दुसरी काळजी जोखमीची. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘क’ आणि ‘ख’ या दोन रुग्णालयांत प्रत्येकी १,००० रुग्ण दाखल झाले. ‘क’मध्ये ४२ आणि ‘ख’मध्ये २६ रुग्ण दगावले. वरवर पाहता ‘ख’ रुग्णालय अधिक चांगले वाटते. आता आजाराच्या तीव्रतेनुसार विभागणी करू. ‘क’मध्ये सौम्य आजाराचे २०० रुग्ण होते आणि त्यांपैकी २, म्हणजे १ टक्का दगावले. तीव्र आजाराचे ८०० होते, त्यांपैकी ४०, म्हणजे ५ टक्के दगावले. ‘ख’मध्ये सौम्य आजाराच्या ९०० रुग्णांपैकी १८, म्हणजे २ टक्के आणि तीव्र आजाराच्या १०० रुग्णांपैकी ८, म्हणजे ८ टक्के दगावले. दोन्ही गटांत ‘क’ची कामगिरी सरस आहे. तरीही एकूण आकड्यात ते मागे दिसते, कारण अत्यवस्थ रुग्ण तेथेच पाठवले जातात. आपल्याकडील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मृत्युसंख्येची बातमी वाचताना हे उदाहरण आठवावे. दाखल होणाऱ्या रुग्णांतील असा फरक वजा करून तुलना करण्याच्या पद्धतीला जोखीम-समायोजन असे म्हणतात.

६. डार्टमथ येथील केंद्र

वेनबर्ग पुढे न्यू हॅम्पशर राज्यातील डार्टमथ येथील वैद्यकीय विद्यालयात गेले. तेथे १९८८ मध्ये त्यांनी उपचारांच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र स्थापन केले. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी अमेरिकेत मेडिकेअर ही शासकीय विमा योजना आहे. तिच्या देयकांच्या नोंदींचा आधार घेऊन या केंद्राने संपूर्ण देशाची ३०६ क्षेत्रांत विभागणी केली आणि १९९६ मध्ये ‘डार्टमथ अॅटलास’ या नावाने आरोग्यसेवेचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. पर्जन्यमानाच्या नकाशात कोठे किती पाऊस पडतो ते दिसते, तसे या नकाशांत कोणत्या भागात कोणती शस्त्रक्रिया किती होते ते दिसू लागले.

या मालिकेतील बॉस्टन आणि न्यू हेवन या शहरांची तुलना विशेष उद्बोधक आहे. दोन्ही शहरांत नामवंत विद्यापीठांची रुग्णालये आहेत. तरीही १९८२ मध्ये रुग्णालयीन सेवेवरील दरडोई खर्च बॉस्टनमध्ये ८८९ डॉलर, तर न्यू हेवनमध्ये ४५१ डॉलर होता. मानेतील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया बॉस्टनमध्ये दुपटीहून अधिक होत होती, तर हृदयाची बायपास शस्त्रक्रिया न्यू हेवनमध्ये दुप्पट होत होती. ज्येष्ठ नागरिकांच्या मृत्युदरात मात्र दोन्ही शहरांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. दुप्पट खर्चाने आयुष्य वाढले, असा पुरावा मिळाला नाही.

अशा अभ्यासांतून वेनबर्ग यांनी आरोग्यसेवेचे तीन प्रकार केले.

पहिला प्रकार परिणामकारक सेवेचा. मांडीचे हाड खुब्यात मोडल्यास रुग्णालयात दाखल व्हावेच लागते, यात मतभेद नाही. त्यामुळे अशा दाखल होण्याच्या प्रमाणात प्रदेशानुसार फारसा फरक आढळत नाही. जी सेवा सर्व पात्र रुग्णांना मिळायलाच हवी, ती न मिळणे हा येथील दोष होय.

दुसरा प्रकार रुग्णाच्या पसंतीवर अवलंबून असलेल्या सेवेचा. वृद्ध पुरुषांना होणारा प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीचा त्रास हे त्याचे उत्तम उदाहरण. शस्त्रक्रियेने लघवीचा त्रास कमी होतो. परंतु लैंगिक जीवनावर तिचा परिणाम होऊ शकतो. शस्त्रक्रिया लवकर केल्यास आयुष्य वाढते, असे काही डॉक्टर मानत. सखोल अभ्यासानंतर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हा समज टिकला नाही. रुग्णांशी बोलल्यावर दिसून आले, की सारखाच त्रास एकाला असह्य वाटतो आणि दुसऱ्याला त्याचे काही वाटत नाही. दोन्ही पर्यायांचे फायदेतोटे नीट समजावून सांगितल्यावर अनेकांनी शस्त्रक्रियेऐवजी थांबणे पसंत केले. यातूनच डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून निर्णय घ्यावा, ही सहनिर्णयाची संकल्पना पुढे आली.

तिसरा प्रकार पुरवठ्यावर अवलंबून असलेल्या सेवेचा. जुनाट आजाराच्या रुग्णाला किती दिवसांनी पुन्हा बोलवावे, रुग्णालयात ठेवावे की घरी, याविषयी पुस्तकात ठाम नियम नसतो. मग खाटा रिकाम्या असतील, तर त्या भरल्या जातात. मिल्टन रोमर या अभ्यासकाने ही गोष्ट १९६० च्या सुमारासच निदर्शनास आणली होती.

या संशोधनावर आक्षेपही घेतले गेले, ते आपण लक्षात घेतले पाहिजेत. अधिक खर्चाच्या भागांतील लोक मुळातच अधिक आजारी व अधिक गरीब असतील, तर तो फरक पुरेसा वजा झाला आहे का, असा प्रश्न अनेक अर्थतज्ज्ञांनी विचारला. केवळ ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदींवरून साऱ्या समाजाविषयी बोलता येईल का, हीही शंका घेतली गेली. फरक किती मोठा आहे याविषयी वाद चालू राहिला. तो अस्तित्वातच नाही, असे मात्र कोणी सिद्ध केले नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) वेनबर्ग यांनी आपल्या गणनेत छेद म्हणून काय घेतले?
(आ) बॉस्टन व न्यू हेवन यांच्या तुलनेतून कोणता निष्कर्ष निघाला?

७. निष्कर्षांची किंमत

या केंद्रांच्या निष्कर्षांमुळे कोणाचे तरी उत्पन्न घटते. त्यामुळे त्यांचे काम नेहमीच निर्वेधपणे चालत नाही. १९८९ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य शासनाने फलनिष्पत्तीच्या संशोधनाला साहाय्य करणारी एक संस्था स्थापन केली. तिच्या पाठबळावर सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात कंबरदुखीवर संशोधन झाले. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते, अशी मार्गदर्शक तत्त्वे त्या संस्थेने १९९४ मध्ये जाहीर केली. मणक्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या संघटनेने त्यांवर कडाडून टीका केली. पुढच्याच वर्षी ती संस्था बंद करण्याचा प्रयत्न अमेरिकी संसदेत झाला. संस्था कशीबशी तगली. परंतु तिच्या निधीत मोठी कपात झाली आणि मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचे काम तिने थांबवले. कॉडमन यांच्या शहामृगाला ऐंशी वर्षे उलटून गेली होती. तरीही विरोधाचे स्वरूप फारसे बदललेले नव्हते.

८. आपल्याकडील चित्र

भारतातही या विषयाचा अभ्यास होतो. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेच्या अच्युत मेनन केंद्रात आरोग्यव्यवस्थेचे अध्यापन व संशोधन चालते. १९५६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घडवून आणते. या सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. घरोघरी जाऊन ही माहिती घेतली जात असल्यामुळे दवाखान्यात कधीच न गेलेली माणसेही त्यात मोजली जातात. छेदाविषयी आपण जे वाचले, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

२०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियन पद्धतीने झाल्याचे आढळले. सार्वजनिक रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. तेलंगणात ते ६०.७ टक्के होते. सिझेरियनचे प्रमाण लोकसंख्येत १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता व नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नमूद केले आहे. गुंतागुंतीच्या प्रसूती कोठे पाठवल्या जातात, याचा विचार करूनही एवढ्या तफावतीचा उलगडा होतो का, हा प्रश्न व्हरमाँटच्या टॉन्सिलइतकाच गंभीर आहे.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत, २०१९ मध्ये, ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे देशपातळीवरील प्रमाण २०१५-१६ च्या सर्वेक्षणात सुमारे ३ टक्के होते. या दोन आकड्यांची थेट तुलना करताना दोन्हीकडील स्त्रियांची वये सारखी आहेत का, हे तपासले पाहिजे, हे आता आपणही सांगू शकाल. परंतु एवढी तफावत केवळ वयाने भरून निघणारी नाही. उसाच्या फडात नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. पाळीच्या त्रासात विश्रांती नाही, फडाजवळ पाण्याची वा शौचालयाची सोय नाही. अशा वेळी ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला त्या स्त्रीला सुटकेचा मार्ग वाटतो. येथे शस्त्रक्रियेचे प्रमाण ठरवण्यात आजाराइतकाच मजुरीच्या पद्धतीचा वाटा आहे. त्या स्त्रियांनी दिलेल्या संमतीला ‘पसंती’ म्हणावे का, हा विचार आपण अवश्य करावा.

९. आपण काय विचारावे?

या अभ्यासाचा हेतू डॉक्टरांविषयी अविश्वास निर्माण करणे हा नाही. न्यूयॉर्कमधील डॉक्टर प्रामाणिक होते आणि आपल्याकडील बहुसंख्य डॉक्टरही आहेत. तातडीच्या प्रसंगी तर प्रश्न विचारत वेळ दवडणे घातक ठरते. परंतु ज्या शस्त्रक्रियेसाठी तारीख घेता येते, तिच्याविषयी विचार करण्यासही वेळ असतो. अशा वेळी आपण नम्रपणे विचारावे : ही शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? आणखी कोणते पर्याय आहेत? माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या शंभर रुग्णांपैकी किती जणांना वर्षभरानंतर आराम पडतो आणि किती जणांना त्रास होतो? गरज वाटल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मतही घ्यावे. रुग्णाचे स्वतःचे म्हणणे काय आहे, हे घरातील मंडळींनी त्याला किंवा तिला आधी विचारावे.

सारांश

आरोग्यसेवा संशोधन ही सेवा कोणाला, किती आणि कोणत्या परिणामांसह मिळते, याचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा आहे. कॉडमन यांनी अंतिम परिणाम नोंदवण्याचा आग्रह धरला आणि डोनाबेडियन यांनी संरचना, प्रक्रिया व फलनिष्पत्ती ही चौकट दिली. वेनबर्ग यांनी लोकसंख्येचा छेद धरून उपचारांतील प्रादेशिक तफावत दाखवली. उपचार अनेकदा आजारापेक्षा डॉक्टरांचा ठोकताळा, उपलब्ध खाटा किंवा रुग्णाची आर्थिक स्थिती यांवर ठरतो, असे या अभ्यासांतून दिसते. हाताचा गुण नाकारण्याचे कारण नाही. तो सर्व रुग्णांची नोंद ठेवून तपासला पाहिजे आणि त्या नोंदीत रुग्णाचे म्हणणेही आले पाहिजे.

पारिभाषिक शब्द

फलनिष्पत्ती : उपचाराचा रुग्णाच्या आरोग्यावर व जगण्यावर झालेला अंतिम परिणाम.
छेद : ज्या एकूण लोकसंख्येच्या तुलनेत एखादी संख्या मांडली जाते ती लोकसंख्या.
जोखीम-समायोजन : रुग्णांचे वय, आजाराची तीव्रता इत्यादींतील फरक वजा करून केलेली तुलना.
सहनिर्णय : पर्यायांची माहिती घेऊन डॉक्टर व रुग्ण यांनी मिळून घेतलेला निर्णय.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) संरचना (आ) फलनिष्पत्ती (इ) प्रक्रिया.
प्रश्न २ : (अ) क्षेत्रातील सर्व रहिवासी. (आ) रुग्णालयीन सेवेवर जवळजवळ दुप्पट खर्च होऊनही ज्येष्ठ नागरिकांच्या मृत्युदरात उल्लेखनीय फरक पडला नाही.

सरावासाठी स्वाध्याय

१. ‘संरचना उत्तम म्हणजे सेवा उत्तम’ या विधानाचे आपल्या परिसरातील उदाहरणाच्या आधारे परीक्षण करा.
२. १९३४ च्या न्यूयॉर्कमधील पाहणीचा आशय आपल्या शब्दांत सांगून तिच्यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट करा.
३. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या उदाहरणावरून आरोग्य आणि श्रमव्यवस्था यांचा संबंध विशद करा.
४. उपक्रम : वर्तमानपत्रातील आरोग्यविषयक एक बातमी निवडा. तिच्यातील आकड्यांचा अंश व छेद शोधा. छेद दिलेला नसल्यास कोणता असावयास हवा होता, ते दहा ओळींत लिहा.